मराठी शृंगारकथा : कोर्टापासून संपादकाच्या टेबलापर्यंत

प्रेमकथा आणि शृंगारकथा लिहिणं, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या तपासून उभ्या करणं, हे काम मी डहाणूत बसून करते. खिडकीबाहेर चिकूची वाडी आहे. टेबलावर एक लॅपटॉप आणि एक वही असते. वहीत लेखकांना विचारायच्या शंका लिहून ठेवलेल्या असतात. मजकूर नाशिकहून येतो, सोलापूरहून येतो, अधूनमधून शेजारच्या तलासरी तालुक्यातूनही येतो. शेजारपाजारी मी ‘प्रूफं तपासते’ एवढंच ठाऊक आहे. या कामाचं मराठीत आज काय चाललं आहे ते मांडावं, असं मला सांगण्यात आलं, म्हणून हा आढावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या लेखनाबद्दल आपल्याकडे गेली नव्वद वर्षं जी चर्चा झाली, ती जवळजवळ सगळी ‘हे अश्लील आहे का?’ या एका प्रश्नावर झाली. ‘हे नीट लिहिलंय का?’ हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. या कथांना फिर्यादी मिळाले, वकील मिळाले, न्यायाधीश मिळाले, पण संपादक क्वचितच मिळाला.

मागची वाट

शृंगार मराठीला बाहेरून आलेला नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी बाईच्या तोंडून बोलतात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्या मराठी वाचकापुढे सविस्तर ठेवल्या. मध्ये पेशवाईतली लावणी आहे, राम जोशी आहेत, होनाजी बाळा आहे. इंग्रजी शिक्षणानंतर सुशिक्षित मराठी माणसाला या लावणीची लाज वाटू लागली, आणि मग म. वा. धोंडांसारख्या अभ्यासकांना तिची बाजू पुन्हा मांडावी लागली. हा इतिहास वाचकांना माहीत असतो, म्हणून इथे थांबत नाही.

आजच्या वादाची मुळं एकोणीसशे तीसच्या दशकात आहेत. ना. सी. फडक्यांनी कॉलेजातल्या तरुण-तरुणींची प्रेमकादंबरी घराघरांत नेली. ‘प्रतिभासाधन’ हे त्यांचं पुस्तकही त्याच काळातलं. कथानक कसं रचावं, उत्कंठा कशी राखावी, वाचकाला पहिल्या पानावर कसं धरावं, हे त्यांनी उघडपणे शिकवलं. खांडेकरांशी झालेला त्यांचा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी’ हा वाद सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण प्रेमकथा ही शिकण्याजोगी कारागिरी आहे हा त्यांचा मुद्दा मागे पडला. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ आले. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातली ओढ त्यात होती. एवढ्यावरूनही गदारोळ झाला. टोपणनावामागची बाई कोण, याची चौकशी लोकांनी पुस्तकाइतक्याच उत्साहाने केली. बाईने ओढ लिहिली की ती तिची स्वतःचीच असणार, असं धरून चालायची सवय तेव्हापासूनची आहे. ती आजही सुटलेली नाही.

त्याच सुमारास र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ चालू होतं. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेलं हे मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. ते कथांचं मासिक नव्हतं, पण कामविषयावर मराठीत सरळ वाक्य कसं लिहायचं याचा पहिला धडा तिथेच मिळतो. १९३१ साली त्यांच्यावर पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. वाचक प्रश्न विचारत असेल तर त्या विषयाच्या जाणकाराने उत्तर द्यायचंच नाही का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे १९४८ साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले.

श्यामा

प्रेमकथेच्या व्यवहाराशी थेट भिडलेला खटला चंद्रकांत काकोडकरांचा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ छापून आली. एक कवी, त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, जुन्या प्रेमाच्या आठवणी, असा तिचा साचा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांनी फिर्याद केली. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली सुटले.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. न्यायालयाने म्हटलं की समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत आणि लेखन आजच्या मापाने जोखायला हवं. त्याचबरोबर कथा फारशी दर्जेदार नाही, कच्ची आहे, अभिरुचीत कमी पडते, अशा अर्थाचं मतही निकालात येतं. कच्ची असली तरी ती वाचणाऱ्याला बिघडवणारी नाही, म्हणून गुन्हा नाही. म्हणजे अंक छापला जाण्याआधी एखाद्या संपादकाने समासात लिहायला हवा होता तो शेरा सात वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहिला. मधल्या काळात गावोगावच्या वाचनालयांतल्या वाचकांनी काकोडकरांच्या कादंबऱ्या पुरवून पुरवून वाचल्या, आणि त्यांच्या ‘निलांबरी’वरून हिंदीत ‘दो रास्ते’ हा चित्रपट आला, तोही त्याच १९६९ साली.

तेव्हाची बाजारपेठ वाचनालयांची होती. कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर यांच्या कादंबऱ्या वर्गणीदार बायका आठवड्याला दोन-दोन नेत. त्यांत प्रेम होतं, पण शरीर दाराबाहेर उभं असे. जे दाराबाहेर राहिलं ते एसटी स्टँडवरच्या ‘पिवळ्या पुस्तकां’त गेलं. खराब कागद, लेखकाचं नाव नाही, आणि व्याकरणही नाही. प्रेम एका पुस्तकात आणि शरीर दुसऱ्यात, ही फाळणी मराठी लेखनाला फार महाग पडली असं मला वाटतं. एकीकडच्या लेखिकांना शरीराबद्दल लिहिण्याचा सराव झाला नाही, आणि दुसरीकडच्या लेखकांना माणसाबद्दल लिहिण्याची गरजच पडली नाही.

कायदा आज

१९६४ साली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याचं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. तेव्हाचा आधार होता इंग्लंडमधल्या १८६८च्या ‘हिक्लिन’ निकालाचा : ज्यांचं मन सहज बिघडू शकतं अशांवर काय परिणाम होईल, ते पाहायचं. १९६९ साली भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या लेखनाला स्पष्ट अपवाद मिळाला. २०१४ साली अवीक सरकार खटल्यात न्यायालयाने हिक्लिन सोडून समकालीन समाजाचं माप स्वीकारलं. पण २०१५ साली वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात प्रकाशकाची सुटका झाली, आणि कवीवरचा खटला मात्र पुढे चालू द्यावा असं ठरलं.

जुलै २०२४ पासून कलम २९२ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ने घेतली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. इलेक्ट्रॉनिक मजकुराचा उल्लेख त्यात आता स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ वेगळं. तिथे तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे एकच परिच्छेद दिवाळी अंकात छापला तर एक जोखीम, आणि मोबाइलवर आला तर त्याहून मोठी. आज बहुतेक शृंगारकथा मोबाइलवरच येतात.

कोण काय म्हणतं

पहिली भूमिका कर्व्यांच्या वाटेची. अश्लीलता मजकुरात नसते, ती पाहणाऱ्याच्या मनात असते. प्रौढ माणसाने काय वाचावं ते राज्याने ठरवू नये. ही भूमिका मांडणारे बहुतेक जण स्वतः शृंगारकथा वाचत नाहीत, ते तत्त्व म्हणून तिच्यामागे उभे राहतात. त्यांच्यामुळे लिहायला जागा राहिली, हे ऋण मोठं आहे.

दुसरी भूमिका काळजीची. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून घणाघात केला तेव्हा त्यामागे एक खरी भीती होती : जे गलिच्छ आहे त्याला साहित्याचं नाव मिळालं की मुलांना थांबवायचं कशाच्या बळावर? आज शिक्षक आणि पालक हाच प्रश्न फोनबद्दल विचारतात. कथेवर ‘प्रौढांसाठी’ लिहिलं की ती प्रौढांपुरती राहते, असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. या प्रश्नाला सनातनी म्हणून बाजूला सारणं मला बरोबर वाटत नाही.

स्त्रियांच्या बाजूने दोन भूमिका आहेत, आणि त्या एकमेकींना छेद देतात. एक म्हणते की या बाजारातली बाई म्हणजे एक शरीर आहे, लिहिणारा पुरुष आणि वाचणाराही पुरुष, मग तिची वकिली कशासाठी करायची? दुसरी म्हणते की म्हणूनच बायकांनी लिहायला हवं. गौरी देशपांडे यांनी ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड काटछाट न करता मराठीत आणले. मेघना पेठे यांनी ‘नातिचरामि’त लग्न आणि इच्छा यांची गाठ उघडी करून पाहिली. या लेखनाला कुणी शृंगारकथा म्हणत नाही, आणि म्हणूनच त्याला मान मिळाला. नेमकं हेच आज मोबाइलवर भाग लिहिणाऱ्या बायकांना टोचतं. त्यांच्या कथेत प्रेमिकांची भेट सुखाची असते, शेवट गोड असतो, म्हणून ती साहित्यात धरली जात नाही. दुःखी इच्छेला दर्जा मिळतो, तृप्त इच्छेला मिळत नाही, ही त्यांची तक्रार मला खरी वाटते.

दलित साहित्याने निराळाच कोन दाखवला. १९७२च्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहात शरीराचे शब्द आहेत, पण ते सुखासाठी आलेले नाहीत. ते भूक आणि अपमान सांगायला आले आहेत. त्यानंतर ‘सभ्य शब्द कोणते’ हा प्रश्न ‘कोणाचे शब्द सभ्य’ असा विचारावा लागतो. शृंगारकथेच्या लेखकांनी हे अजून पुरतं मनावर घेतलेलं नाही.

आणखी एक भूमिका बाजाराची आहे. प्रतिलिपीसारख्या व्यासपीठांवर लेखिका रोज एक भाग टाकते, वाचक तिथल्या तिथे प्रतिक्रिया देतात, आवडलं तर कॉइन देतात. भागाच्या शेवटी कथा अर्धवट सोडावीच लागते. शिष्ट मंडळी या लेखनाला नावं ठेवतात, पण पूर्वीची मासिकं ‘क्रमशः’ लिहून हेच करत होती. फरक एवढाच की तिथे पुढचा अंक महिन्याने येई आणि मध्ये कुणीतरी मजकूर वाचत असे.

टेबलावर काय होतं

आता मजकुराच्या आत येऊ. संपादन म्हणजे इथे नेमकं काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं.

सगळ्यात मोठी अडचण शब्दांची. मराठीत शरीराचे तीन कोश आहेत. एक संस्कृत, डॉक्टरी : तो वापरला की प्रणयाच्या मध्येच दवाखान्याचा वास येतो. दुसरा शिव्यांचा : त्यात प्रत्येक शब्दामागे कुणाचा तरी अपमान उभा असतो. तिसरा इंग्रजी : नवे लेखक त्याचाच आसरा घेतात, आणि साताऱ्याच्या वाड्यातली नायिका अचानक परकी भाषा बोलू लागते. माझा अनुभव असा की नामं टाळून क्रियापदांवर भर दिला तर वाट निघते. विसावणं, ओथंबणं, बिलगणं, निथळणं, चाचपडणं. मराठी क्रियापदांत केवढी ऊब आहे, ते हे काम करताना मला कळलं. तरी हा उपाय आहे, उत्तर नाही. टाळत राहिलं की ते शब्द कायम शिवीच राहणार, असं काही तरुण लेखिका म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही.

दुसरी अडचण ‘नको’ या शब्दाची. ती ‘नको ना’ म्हणते, तो थांबत नाही, मग ती लाजेने चूर होते. हा साचा इतका जुना आहे की लिहिणाऱ्याला तो दिसतच नाही. एकदा एका लेखिकेच्या एकाच भागात मला हा प्रसंग तीनदा सापडला. मी समासात लिहिलं, ‘इथे ती खरंच नको म्हणते आहे का?’ तिचा फोन आला. म्हणाली, ‘ताई, नको म्हटलं नाही तर ती चवचाल वाटेल.’ आम्ही तासभर बोललो. शेवटी तिने ‘नको’ काढलं नाही. तिने ते पुरुषाला ऐकायला लावलं. तो थांबतो, उठतो, पाणी पितो, खिडकीशी जाऊन उभा राहतो, आणि मग ती स्वतः त्याला हाक मारते. प्रसंग आधीपेक्षा जास्त तापला. संमती आली की शृंगार कोमट होतो, असं म्हणणाऱ्यांना मी तो भाग वाचायला देते.

वयाबाबत मात्र चर्चेला जागा नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यात अठराखालची व्यक्ती बालक आहे, आणि टेबलावरचा नियमही तोच. मराठी शृंगाराला सोळाव्या वर्षाचं फार जुनं वेड आहे, ते सोडायला लेखक कुरकुरतात. मी वाट पाहते, पण ती ओळ पुढे जाऊ देत नाही.

डहाणू-तलासरी

माझ्याकडे येणाऱ्या प्रेमकथांत डहाणू वरचेवर असतं. मुंबईचं जोडपं शनिवारी गाडी काढतं, बोर्डीचा किनारा, सुरूची झाडं, चिकूवाडीतलं रिसॉर्ट, पाऊस. इथली माणसं त्यात माळी म्हणून येतात, नाहीतर चहा आणून देणारी मुलगी म्हणून. तिच्या डोळ्यांचं, काळ्या पाठीचं वर्णन मात्र न चुकता असतं.

ते वर्णन मी सहज पुढे जाऊ देऊ शकत नाही, त्याला कारण आहे. मे १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याआधीचं जिणं लिहिलं आहे : लग्नाच्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारा लग्नगडी, आणि जमीनदाराच्या वाड्यावर सुरक्षित नसलेली त्याची बायको. या तालुक्यांत लग्नाला आणि शरीराला हा भूतकाळ चिकटलेला आहे. बंगल्याचा मालक आणि कामाला आलेली आदिवासी तरुणी हा शृंगाराचा विषय होऊच शकत नाही का? माझे काही सहकारी म्हणतात, होऊ शकतो, माणसं माणसांवर प्रेम करतातच. इतर म्हणतात, आधी त्या मुलीला नाव द्या, घर द्या, नकार द्यायची ताकद द्या, मग बोलू. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पहिल्या बाजूला खोटं म्हणत नाही.

दुसरीकडे, वारली समाजाला शृंगाराची लाज शिकवावी लागत नव्हती. लग्नचौकात पालघट देवी रेखली जाते, ती सुफलतेची देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाण्यांतून विधी चालवते. खर्च झेपत नाही म्हणून आधी एकत्र नांदायचं आणि लग्न पुढे कधीतरी करायचं, असं कितीतरी घरांत झालं आहे. कविता महाजनांनी ‘वारली लोकगीते’ संकलित केली, त्यांतून या जगण्याची थोडी ओळख मिळते. ज्या समाजात आईबापांच्या लग्नाला पोरं हजर असू शकतात, तिथे शहरी प्रेमकथेतला ‘लग्नाआधी की नंतर’ हा पेच उभाच राहत नाही. इथल्या प्रेमकथेचे पेच निराळे : हंगामाला वीटभट्टीवर जावं लागणं, उंबरगावच्या कंपनीतली पाळी, एका खोलीत झोपणारी सहा माणसं. एकांत हाच तिथला सगळ्यात दुर्मीळ पदार्थ. त्यावर लिहिलेली चांगली शृंगारकथा मी अजून छापलेली पाहिली नाही.

अडकलेले धागे

पैशाचा प्रश्न तसाच आहे. लेखिकेला कॉइनांतून थोडं मिळतं, संपादकाला भागामागे मानधन, तेही उशिरा. माझी एका कंपनीकडे आठ महिन्यांची बिलं अडकली होती. त्याहून गंभीर बाब टोपणनावाची. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. टोपणनावाने लिहिलं आणि ओळख उघड केली नाही तर ही साठ वर्षं प्रकाशनापासूनच मोजली जातात. पंचविशीत सासूपासून लपून लिहिलेली मालिका पंच्याऐंशीच्या वयात हातून जाईल. करारावर सही करणाऱ्या किती जणींना हे कुणी सांगितलं असेल?

ऑडिओचं काय करायचं, तेही ठरलेलं नाही. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकणारे वाढले. कागदावर सौम्य वाटणारं वाक्य कानात, अंधारात, दुसऱ्याच्या आवाजात धीट होतं. वाचण्यासाठी संपादित केलेला मजकूर ऐकण्यासाठी पुन्हा संपादित करायला हवा. तसा वेळ कुणी देत नाही.

सध्या माझ्या टेबलावर तलासरी तालुक्यातल्या एका मुलीची कथा आहे. पंचवीस पानं, वारली आणि मराठी मिसळलेली. चौदाव्या पानावर नायक नायिकेला एक शब्द म्हणतो. मी समासात विचारलं, हा शब्द तुमच्याकडे कोण वापरतं? तिने कळवलं की तो फक्त लग्नाच्या गाण्यांत येतो, बायकांच्याच तोंडी. पुरुषाने तो म्हटलेला तिने कधी ऐकला नाही, पण तिच्या नायकाने म्हणावा असं तिला फार वाटतं. घरच्या म्हाताऱ्या बाईला विचारून सांगते म्हणाली. तो शब्द मी इथे लिहीत नाही, कारण तिने अजून होकार दिलेला नाही. फाइल उघडी ठेवली आहे.